बिटाची कोशिंबीर

नवऱ्याच्या मूत्राशयातली कर्करोगाची गाठ काढली, तेव्हापासून वत्सलाच्या फरीदाबादच्या नव्या घरात बीट बंद झालं. बिटानं लघवी लाल व्हायची आणि तिचा जीव टांगणीला लागायचा. डॉक्टरांनी बजावलंच होतं, "पुन्हा रक्त दिसलं, तर कदाचित मूत्राशयच काढावं लागेल." दोन वर्षांनी एका सकाळी तो स्वतःहून म्हणाला, "डब्यात बिटाची कोशिंबीर दे यार, किती घाबरायचं?" ती हरखली, तिनं दाण्याचं कूट घालून डबा काठोकाठ भरला. संध्याकाळी त्याच्यामागून ती संडासात गेली, तर भांड्यात लाल थेंब होते. तो हसला, "बीट आहे ते, बिल्कुल घाबरू नकोस!" "अच्छा, विसरलेच," म्हणत ती डबा धुवायला गेली. झाकण उघडलं. कोशिंबीर सकाळी भरली तशीच होती. रक्त त्याला आधीच दिसलं असावं, त्या भीतीनं घासही उतरला नसावा. त्याला खोटं बोलता आलं, पण अन्न टाकवलं नव्हतं.