पोटातले हातमोजे

“बाळानं हातमोजे घातलेत की काय?” सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत हर्षालीनं विचारलं. तिला गंमतच वाटली. बोटं मुळी दिसतच नव्हती.

डॉक्टर कुंटेबाई हसल्या नाहीत. “पोटात आधी हात वल्ह्यासारखाच असतो गं. मधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. तुझ्या इंजेक्शनांमुळे त्या मरेनात.”

शिखरावर हिमदंश झालेली हर्षालीच्या उजव्या हाताची चार बोटं त्याच इंजेक्शनांवर तर जगली होती.

“बंद केली तर?”

“बाळाची बोटं सुटतील. तुझी चारही जातील.”

हर्षालीनं उजवी मूठ मिटली आणि एकट्या डाव्या हातानं कुर्त्याचं बटण लावून पाहिलं. दुसऱ्या खेपेला लागलं.