निम्म्या भाड्याची खोली

“भाडं निम्म्यावर आलं, माय,” आनंदराज फोनवर म्हणाला, आणि चांगुणाबाईचा पिठाचा हात परातीतच थांबला.

लेक जपानात, ओसाकात म्हाताऱ्यांची सेवा करायचा. लाखाच्या पगाराचं निलंग्यात कोण कौतुक! पण त्यातला तिसरा हिस्सा एका खोलीच्या भाड्याला जायचा. खोली तरी केवढी, पाय पसरले की भिंत लागायची. तेवढ्या पैशात इथं सहा महिने घर मिळतं. पोरगं डबल ड्यूट्या करून पार पिचलं होतं, म्हातारी माणसं उचलून कंबर धरली होती.

“असं कसं उतरलं?”

“मालकानं दारावर कागद लावलाय. खोलीत कुणीतरी वारलंय म्हनं. तसं असलं की इकडं भाडं उतरतंय.”

चांगुणाबाईनं परात बाजूला सारली. “दुसरी खोली बघ, बाबा.”

“परवडतंय का? अन् आपला भुताखेतावर कुठं इश्वास हाय?”

नव्हताच. कुणाच्या अंगात आलं की तोंडावर हसणारी बाई ती. पण नवरा व्यंकटराव गेल्यापासून हे एकच लेकरू उरलेलं, तेही परमुलखात, मेलेल्याच्या खोलीत एकटं. जीव कसा थाऱ्यावर राहावा?

“कंबर कशी हाय तुझी?”

“दुखत न्हाई आता. भूक बी लागंना. ड्यूटीला बी कुणी बोलवंना. थंडी मात्र लई हाय, माय.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बुद्धविहार गाठलं. भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं.

“त्या माणसासाठी पुण्यानुमोदन करू,” ते म्हणाले. “तेवढं नाव घेऊन या. नाव घेतल्याशिवाय पुण्य कुणाला द्यायचं?”

तिनं तिथूनच लेकाला फोन लावला.

“नाव कागदावर हाय,” आनंदराज म्हणाला. “पर वाचाया गेलं की अक्षरं डोळ्यापुढं ठरंनात. फोटो धाडतो.”

शेजारच्या मडिवाळप्पाची नात ऋतुजा लातूरला जपानी शिकायला जायची. चांगुणाबाईनं तिच्यापुढं मोबाइल धरला.

“मावशी, त्यांची नावं लई अवघड अक्षरात असतात. मला न्हाई यायची.” मग तिनं फोटो मोठा केला. “थांबा. हे सोप्या अक्षरात हाय. बाहेरच्या देशातल्या माणसाचं नाव असंच लिहितात.”

“म्हणजे परदेशीच व्हता बिचारा,” चांगुणाबाई हळहळली. तो कुणी जपानी म्हातारा असेल, असंच तिनं धरलं होतं. “त्याच्या मायला तरी कळलं असंल का? वाच बाई, भंतेजी खोळंबलेत.”

ऋतुजा बोटानं एकेक अक्षर लावू लागली.

“आ... नां... दो... रा... जु... व्यं... कट... राव...”