खोडरबरचा नावाडी

"सातवीत बाहुल्या?" मुख्याध्यापकांनी इरावतीपुढची लाकडी बाहुल्यांची पेटी उचलून दळवीबाईंच्या हातात दिली. "नुसतं पुस्तक घेऊन वाच."

वाक्याच्या शेवटाशी पोचेतो इरावती त्याची सुरुवात विसरून जायची. म्हणून बाईंनी तिला प्रत्येक ओळ वाचून बाहुल्या मांडायला शिकवलं होतं: कोण आलं, कुठे गेलं. बाईंनी पेटी कपाटात ठेवली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

इरावतीचे कान तापले. तिने कंपासपेटी उघडली. धड्यातली होडी पट्टीची केली, नावाडी खोडरबरचा, म्हातारी शार्पनरची. पेन्सिलीचा तुकडा म्हणजे शेळी. एक ओळ अडखळत वाचायची, एक वस्तू सरकवायची.

"हे काय चाललंय?"

"वाचतेय, सर. थोडं थांबा."

धडा संपल्यावर सरांनी विचारलं, "नावाडी पुरात परत का गेला?"

"म्हातारीची शेळी पलीकडे राहिली होती, सर. शेळीशिवाय ती घरी जाणार नव्हती. हे ती बोलली नाही, पण त्याला कळलं."

सरांनी बाकावरचा खोडरबर उचलून परत पट्टीवर ठेवला. "बरोबर. पण परीक्षेत हे चालणार नाही."

"मी परीक्षेतही अशीच वाचणार, सर," इरावती म्हणाली आणि तिने पुढचा धडा उघडला.