घोंगडीची खोळ

साखरा गावात ज्ञानबानं तेलाच्या डब्यात वाढवलेला निवडुंग माणसाएवढा झाला होता. ज्ञानबा गेल्यावरच्या पहिल्याच थंडीत शेंडा गळू नये म्हणून त्याच्या बायकोनं, सिंधूबाईनं, त्याचीच घोंगडी खोळ करून निवडुंगावर घातली.

त्या सांजेपासून रानातून आलेली ज्ञानबाची मेंढरं पाणी पिईनात, कोकरांना पाजीनात. निवडुंगाभोवती उभी राहून नुसती वर बघायची.

“आई, मेंढरं काहून अशी बघून राहिली?” लेकानं विचारलं.

“तुझ्या बापाचा वास हाय घोंगडीला.”

पण कोकरं सुकू लागली. मग तिनं घोंगडी धुतली, उन्हात वाळवली आणि पेटीत घालून कडी लावली.

सांजेला मेंढरं आली. उघड्या निवडुंगापाशी एकही थांबलं नाही. सगळी सिंधूबाईपुढं येऊन उभी राहिली, माना वर करून, तिच्या खांद्यामागं बघत.