कापलेलं नाव

ढोलकीची थाप पडली, तिच्यावर ट्रम्पेट चढला आणि मग स्पीकरमधून आईचा आवाज आला. "ये वं माय, ये."

शनिवार पेठेतलं ते सभागृह दुपारच्या तालमीला रिकामं होतं. यवतमाळकडची ती हाक भिंतींवरून फिरून परत आली. स्टेजवर माइकपाशी उभ्या असलेल्या प्रियदर्शनीने डोळे मिटले. हॅम्बुर्गमध्ये नेमक्या या जागी लोक रडत असत.

"बंद करा ते."

पाचव्या रांगेत रुपाली उभी होती, तिची धाकटी बहीण. धायरीहून दोन बस बदलून आलेली, ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात. आई गेल्यापासून दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या.

प्रियदर्शनीने हात वर केला. बँड थांबला.

"बस ना. चहा सांगते."

"चहा नको. हे तुला कुठून मिळालं, ते सांगतेस का लोकांना, ताई?"

"तूच पाठवलं होतंस."

"ऐकायला पाठवलं होतं. तिकीट लावायला नाही."

प्रियदर्शनी घाईने खाली उतरली. तिच्या जर्मन बँडमध्ये मराठी कळणारा एकच होता, पुण्यातूनच घेतलेला ढोलकीवाला वैजनाथ. तो मान खाली घालून ढोलकीची दोरी आवळू लागला.

"गाणं आईसाठीच आहे, रुपाली. प्रत्येक कार्यक्रमात मी सांगते, मी दूर होते आणि ती मला बोलवत होती."

"तुला?"

प्रियदर्शनीने वळून बँडकडे पाहिलं.

"तुझ्याशी चार शब्द बोलेल म्हणून फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो तिच्या उशाशी ठेवला आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले." रुपाली एखादा अहवाल वाचावा तसं बोलत होती. "'रुपाली, ये वं माय, ये,' असं म्हणाली ती. तिला पॉट हवं होतं. मी पोचेपर्यंत चादर ओली झाली होती. त्यातलं माझं नाव तू काढलंस. बाकी सुरेख जमलंय हो. वाद्यंबिद्यं छान आहेत."

नाव तालात बसत नव्हतं, असं प्रियदर्शनीने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. पण कापण्याआधी दीड मिनिटाचा तो निरोप तिने कितीदा तरी ऐकला होता, हेडफोन लावून, आवाज वाढवून. तिचं स्वतःचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"मला तेवढंच मिळालं गं," ती म्हणाली.

"मिळालं नाही. घेतलंस."

"बरं, घेतलं." प्रियदर्शनीचा आवाज कोरडा झाला. "आता काढता येणार नाही. सगळी तिकिटं गेलीत आणि शेवटचं गाणं हेच आहे. तुला सोसवत नसेल तर दार उघडं आहे."

"माझंही तिकीट आहे." रुपाली पुढे आली आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली. "वाजवा."

प्रियदर्शनी स्टेजवर चढली आणि तिने ड्रमवरच्या योनासला खूण केली. ढोलकी एक मात्रा उशिरा आली. ट्रम्पेट चढला.

"ये वं माय, ये."

"आले, आई," रुपाली म्हणाली.

मोठ्याने नाही, रागाने नाही. हातात ओला कपडा असताना गॅलरीतून ओ द्यावी तशी.

"ये वं माय, ये."

"आले गं, आले."

हाक दर आवर्तनाला परत येत होती. रुपाली प्रत्येक हाकेला ओ देत होती, एकही न चुकता, आणि नजर बहिणीवरून हलवत नव्हती. वैजनाथचे हात ढोलकीवरच थांबले. प्रियदर्शनीची गाण्याची जागा आली आणि गेली. तिने तोंड उघडलं, पण सूर फुटेना.

योनास मात्र वाजवत राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. झांजांवरून पुढे वाकून तो इंग्रजीत ओरडला, "कोण आहे ही? हेच तर कमी होतं या गाण्यात. संध्याकाळी हिला एक माइक देऊ या."