हजेरीची सही

"माझा विरोध कुठे गेला?" इतिवृत्ताचा कागद टेबलावर आपटत मृणालबाईंनी कुलसचिवांना विचारलं.

अधिष्ठात्यांच्या प्रबंधातली चाळीस पानं सरळसरळ चोरलेली होती. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीत बाई एकट्या तासभर भांडल्या होत्या. कागदावर मात्र 'एकमताने निर्दोष', आणि खाली त्यांचीच सही!

"ती हजेरीची सही, मॅडम," कुलसचिव म्हणाले. "हजेरीपत्रकच ठरावाला जोडायची आपली पद्धत आहे."

"मग यापुढे मी सहीच करणार नाही!"

"जशी तुमची मर्जी. चहा सांगू?"

पुढच्या तिन्ही बैठकांना बाई सगळ्यांच्या आधी आल्या, घसा बसेपर्यंत विरोध करत राहिल्या. हजेरीपत्रक समोर आलं की तसंच शेजाऱ्याकडे सरकवत राहिल्या.

मग विभागात पत्र आलं: 'सलग तीन बैठकांना गैरहजर राहिल्याने आपले सदस्यत्व एकमताने रद्द करण्यात आले आहे.'

"मिळाल्याची सही करा, मॅडम," शिपायाने वही पुढे केली.

संतापून बाईंनी सहीच्या जागी ठसठशीत लिहिलं: 'मला हे मान्य नाही.'

शिपायाने वहीत डोकावून पाहिलं आणि ती मिटली. "चालेल, मॅडम. काहीतरी लिहिलेलं असलं की झालं."