चार माणसांत

२००५ साली शाहूपुरीतल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात क्रूझचं बुकिंग करताना बुद्धभूषणनं जेवणासाठी आपलं आणि आईचं असं दोघांचं वेगळं टेबल मागितलं. तानूबाईंनी त्याला तिथंच अडवलं. "वेगळं नगं रं भूषण. आजवर लई वेगळं बसलो. मला चार माणसांत बसून जेवायचं हाय."

बोटीवर पहिल्या संध्याकाळी त्यांच्या टेबलावर राजारामपुरीतलं एक जोडपं आलं. गाववाले भेटल्यावर काय विचारता! बोटीवरच्या अळणी रश्श्याला चौघांनी मिळून नावं ठेवली. तानूबाई तर पोट धरधरून हसल्या. जेवण संपता संपता त्या बाईंनी मायेनं विचारलं, "मावशी, मूळ गाव कुठलं तुमचं?"

"कागलच्या पलीकडचं की. बौद्धवाड्यात घर हाय आमचं."

"हो का," म्हणत बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. आईस्क्रीम तसंच टाकून दोघं उठले.

दुसऱ्या दिवशी तानूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून लवकरच येऊन बसल्या. समोरच्या दोन्ही खुर्च्या मात्र रिकाम्याच राहिल्या. ते जोडपं पलीकडं, खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर पाठ करून जेवत होतं.

"आई, आपणबी टेबल बदलून घेऊया का?" बुद्धभूषणनं हळूच विचारलं.

तेवढ्यात वेटर पाण्याचा जग घेऊन आला.

समोर काचेचा ग्लास होता, तरी तानूबाईंनी नकळत दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली.